परीक्षानळी : मैलांची निष्ठा



गेल्या अंकात पाण्याच्या फिल्टरवर लिहिले तेव्हा वाटले होते की प्रश्न येतील ते क्लोरीनचे आणि शिशाचे. आले ते विमानाचे! हिवाळ्यातली भारतवारी आटोपून मंडळी परतली, संक्रांतीच्या कार्यक्रमाला भेटली, आणि तिळगुळाबरोबर जो तो एकच तक्रार हातावर ठेवू लागला : "आमचे एवढे मैल साठलेत, पण हवे तेव्हा त्यांवर तिकीट काही मिळत नाही. वीस वर्षे एकाच विमान कंपनीने जातोय, त्याची काही कदर आहे की नाही?"

मी रसायनशास्त्राची. विमानांचा धंदा हा माझा प्रांत नव्हे. पण बाटलीवरचे लेबल आणि बाटलीतला पदार्थ एकच आहे का, हे तपासण्यातच माझा दिवस जातो. या बाटलीवरचे लेबल आहे 'लॉयल्टी प्रोग्रॅम', म्हणजे निष्ठेचे बक्षीस. आत काय आहे ते पाहू.

आधी थोडा इतिहास. १९७८ सालापर्यंत या देशात कोणत्या विमान कंपनीने कोठून कोठे उडायचे आणि तिकिटाला किती पैसे घ्यायचे, हे एक सरकारी मंडळ ठरवीत असे. भाडे सगळ्यांचे सारखेच, त्यामुळे चढाओढ असायची ती जेवणाची आणि सरबराईची. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नियंत्रणे उठवणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि नव्या, स्वस्त कंपन्या रिंगणात उतरल्या. जुन्यांपुढे पेच पडला : विमान तेच, खुर्ची तीच, मग गिऱ्हाइकाने आपल्याकडेच का यावे? अमेरिकन एअरलाइन्सकडे 'सेबर' नावाची आरक्षणाची संगणकयंत्रणा होती. तिच्यातून वारंवार उडणारी माणसे हुडकता येत होती. १ मे १९८१ रोजी त्या कंपनीने 'ॲडव्हांटेज' ही योजना सुरू केली. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना काढली, आणि ते वर्ष संपेपर्यंत डेल्टा आणि टीडब्ल्यूए याही त्यात होत्या. कल्पना तशी जुनीच. किराणा सामानावर हिरवी तिकिटे द्यायची, ती वहीत चिकटवायची आणि वही भरली की इस्त्री किंवा टोस्टर न्यायचा, हा प्रकार या देशात १८९६ पासून होता. शेजारच्या एखाद्या आजींना विचारून पाहा, त्यांना तो अजून आठवत असेल.

आपल्याकडची भाजीवालीही नेहमीच्या गिऱ्हाइकाला कोथिंबिरीच्या चार काड्या आणि दोन मिरच्या वर टाकते. फरक एवढाच, की ती जे द्यायचे ते तिथेच देते. "ही कोथिंबीर तुमच्या खात्यात जमा केली आहे, पन्नास हजार काड्या झाल्या की या, मात्र दिवाळीत आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मिळणार नाही, आणि पूर्वसूचनेशिवाय काडीची लांबी बदलण्याचा हक्क आम्ही राखून ठेवला आहे" असे ती म्हणत नाही.

आता पहिली चाचणी : बक्षीस नक्की कोणाला मिळते? या योजना सुरू झाल्या तेव्हा त्यांचा नेम होता तो ऑफिसच्या कामासाठी उडणाऱ्या माणसावर. त्याच्या तिकिटाचे पैसे भरते त्याची कंपनी, आणि मैल जमा होतात त्याच्या स्वतःच्या नावावर. मग दुसऱ्या विमानाचे तिकीट शंभर डॉलरने स्वस्त असले तरी तो आपल्या मैलांच्या विमानानेच जातो. त्याच्या खिशाला त्याची झळ नसते. अशा मैलांवर कर लावावा का, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत होता. २००२ साली इथल्या आयकर खात्याने जाहीर करून टाकले की आम्ही त्याच्या मागे लागणार नाही. म्हणजे निष्ठा साहेबांची, मैलही साहेबांचे, आणि पैसे मात्र तिसऱ्याचेच. स्वतःच्या पगारातून चार तिकिटे काढून मुलाबाळांसह दोन वर्षांतून एकदा मुंबईला जाणारे आपले कुटुंब या आराखड्यात मुळात नव्हतेच. आपण नंतर, मागच्या दाराने आलो.

मागच्या दाराने तर एक गृहस्थ असे शिरले की बस्स! १९९९ साली एका खाद्यपदार्थ कंपनीने जाहिरात केली : आमच्या मालाची दहा लेबले पाठवा आणि पाचशे मैल मिळवा, लवकर पाठवाल तर दुप्पट. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस येथील विद्यापीठात काम करणाऱ्या एका इंजिनिअरने दुकानातून पंचवीस सेंटवाल्या पुडिंगचे १२,१५० डबे विकत घेतले. खर्च सुमारे तीन हजार डॉलर, मैल बारा लाखांहून अधिक. लेबले सोलायला माणसे कोठून आणायची? पुडिंग साल्व्हेशन आर्मीला दान केले, लेबले त्यांच्याच स्वयंसेवकांनी सोलून दिली, आणि वर दानाची करसवलतही घेतली. (मला तर हा मनुष्य मागच्या जन्मी सदाशिव पेठेत राहत असावा अशी दाट शंका आहे.) गंमत सोडा, मुद्दा असा की या गृहस्थांनी बारा लाख मैल मिळवताना विमानाची एक पायरीही चढली नाही. त्यांची निष्ठा असलीच तर ती पुडिंगवर. तरीही वर्षानुवर्षे इमानाने प्रवास करणाऱ्यापेक्षा त्यांना जास्त मिळाले.

हे केवळ नियमांतल्या फटीमुळे झाले असे समजू नका, कारण पुढे धंद्याचा मुख्य रस्ताच तिथून गेला. १९८७ साली सिटीबँक आणि अमेरिकन एअरलाइन्स यांचे क्रेडिट कार्ड निघाले. कार्डावर एक डॉलर खर्च केला की एक मैल. हा मैल विमान कंपनी बँकेला फुकट देत नाही. बँक तो रोख पैसे मोजून विकत घेते आणि आपल्याला 'बक्षीस' म्हणून देते. हा व्यापार किती मोठा असेल याची सामान्य प्रवाशाला कल्पना नव्हती. ती आली २०२० साली, महासाथीत विमाने जमिनीवर बसली तेव्हा. कर्ज काढायला विमान कंपन्यांना काहीतरी गहाण ठेवणे भाग होते. घरात पैशांची अडचण आली की आपण कपाटातले दागिने काढतो, तशी त्यांनी आपली मैलांची योजना काढली! युनायटेडने तिच्या तारणावर ६.८ अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने ९ अब्ज, आणि २०२१ च्या मार्चमध्ये अमेरिकनने १० अब्ज. युनायटेडने त्या वेळी कर्ज देणाऱ्यांपुढे ठेवलेल्या कागदपत्रांत आपल्या योजनेची किंमत जवळजवळ २२ अब्ज डॉलर धरली होती. तेव्हा युनायटेडच्या सगळ्या शेअरांची बाजारातली किंमत त्याच्या निम्म्याच्या आसपास होती. म्हणजे विमाने, वैमानिक, इंजिने, मार्ग या सगळ्यांना बाजार जेवढे मोल देत होता, त्यापेक्षा मैलांच्या वहीला जास्त! आणि २०१९ मध्ये या योजनेने जे मैल विकले, त्यांच्या पैशांपैकी सुमारे सत्तर टक्के बाहेरच्यांकडून, मुख्यतः बँकेकडून आले होते. डेल्टाचे उदाहरण आणखी बोलके आहे. २०२३ साली अमेरिकन एक्सप्रेसने डेल्टाला सुमारे ६.८ अब्ज डॉलर दिले. त्या वर्षी डेल्टाचा कामकाजातला एकूण नफा होता साडेपाच अब्ज.

आता सांगा, या दुकानाचे मोठे गिऱ्हाईक कोण? आपण की बँक? जेट एअरवेजची आठवण तुमच्यापैकी अनेकांना असेल; २००७ पासून ब्रसेल्समार्गे मुंबई-नेवार्क जाणारे ते विमान आणि त्यातले जेवण. ती कंपनी १७ एप्रिल २०१९ ला उडायची थांबली. पण तिची मैलांची योजना वेगळ्या कंपनीकडे होती. ती त्याच वर्षी 'इंटरमाइल्स' असे नाव बदलून चालू राहिली. विमान गेले आणि मैल राहिले! ज्या विमानाशी निष्ठा ठेवली ते नाही, पण निष्ठेची वही शाबूत.

यापुढचा भाग आपल्याला सर्वांत जास्त भोवला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पूर्वी मैल म्हणजे खरोखरच मैल होते, उडालेले अंतर. नेवार्क ते मुंबई सुमारे ७,८०० मैल, जाऊन-येऊन १५,६००. चौघांचे कुटुंब गेले तर एका वारीत बासष्ट हजारांवर मैल. तिकीट स्वस्त असो की महाग, अंतर तेवढेच. या हिशेबात आपला मोठा फायदा होता, कारण आपले माहेर-सासर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला! जानेवारी २०१५ पासून डेल्टाने, त्या मार्चपासून युनायटेडने, आणि ऑगस्ट २०१६ पासून अमेरिकनने हा हिशेब बदलला. मैल मोजायचे ते अंतरावर नव्हे, तिकिटाला दिलेल्या डॉलरवर. सामान्य सभासदाला डॉलरमागे पाच, सर्वांत वरच्या कार्डवाल्याला अकरा. सरकारी कर त्यात धरायचे नाहीत. समजा, आपले मुंबईचे तिकीट कर वगळून हजार डॉलरला पडले. तर मैल मिळाले पाच हजार. पूर्वीच्या एकतृतीयांशाहूनही कमी. आणि न्यूयॉर्कहून शिकागोला आदल्या दिवशी हजार डॉलरचे तिकीट काढून सकाळी जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या साहेबाला? त्यालाही पाच हजार. पूर्वी त्याला दीड हजारही मिळत नसत. शिवाय त्याच्याकडे वरचे कार्ड असल्याने प्रत्यक्षात दुप्पट. आपण बाळाला मांडीवर घेऊन अठरा-वीस तास काढले, तो दोन तासांत पोचला, आणि दोघांची 'निष्ठा' कंपनीच्या वहीत सारखी! २०२४ मध्ये एअर इंडियानेही आपली योजना नव्याने मांडताना अंतर सोडून खर्च हेच माप धरले. विस्तारा त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे पॉइंटही तिकडेच गेले.

यात कंपन्यांनी लबाडी केली असे मी म्हणणार नाही. जो जास्त पैसे देतो त्याला जास्त द्यावे, हा व्यापाराचा सरळ नियम आहे. माझी हरकत आहे ती शब्दाला. त्याला 'खर्चावर सूट' म्हणा, निष्ठा कशाला म्हणता? २०२३ च्या सप्टेंबरात डेल्टाने वरच्या कार्डांसाठीही प्रवासाचे माप काढून टाकले आणि फक्त खर्चाचे ठेवले. सर्वांत वरच्या पायरीला वर्षाला ३५,००० डॉलर! तेव्हा साहेब मंडळींनीच एवढा गिल्ला केला की आपण जरा जास्तच पुढे गेलो असे कंपनीच्या प्रमुखांना कबूल करावे लागले, आणि आकडा २८,००० वर आला. अठ्ठावीस हजार डॉलरमध्ये आपली चौघांची भारतवारी किती वेळा होईल, ते तुम्हीच मोजा.

मिळवण्याचे झाले, आता खर्चण्याचे पाहू. पूर्वी छापील तक्ता असे : अमुक खंडातून तमुक खंडात इतके मैल. त्यात बदल व्हायचे, पण डोळ्यांसमोर आकडा असे, आणि त्या आकड्याकडे बघत माणूस मैल साठवी. डेल्टाने २०१५ मध्ये तो तक्ता काढून टाकला, युनायटेडने २०१९ च्या नोव्हेंबरात, अमेरिकनने २०२३ मध्ये. आता मैलांतला भाव तिकिटाच्या भावाप्रमाणे रोज हलतो. आम्ही रसायनवाले अस्थिर पदार्थाच्या बाटलीला घट्ट बूच लावतो. या बाटलीला बूच नाहीच, आणि बाटली आपल्या फडताळात नसून दुकानदाराच्या फडताळात आहे. शिवाय आत नवे मैल ओतण्याचा हक्कही त्याचाच. बाजारात नोटा वाढल्या की नोटेचे मोल उतरते, हे आपण शाळेत शिकलो. इथे नोटा छापणारा आणि वस्तूंचे भाव ठरवणारा एकच आहे.

यात आपल्या जिवाला लागणारी एक गोष्ट आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत मैल हे सहलीसाठी साठवलेले नसतात. ते साठवलेले असतात एका फोनसाठी. तो रात्री दोन-अडीचला येतो, आणि पलीकडून भाऊ किंवा बहीण म्हणते, "लगेच निघ." त्याविषयी कोणी मोठ्याने बोलत नाही, पण 'असू देत, अडीअडचणीला' असे म्हणून लाख-सव्वा लाख मैल बाजूला ठेवलेले असतात. आपल्या मंडळातल्या एका कुटुंबाने त्यांची हकीगत लिहायला परवानगी दिली आहे, नाव न घालता. साताऱ्याला वडील अतिदक्षता विभागात. घरात एक लाख चाळीस हजार मैल, दोघांची तिकिटे सहज निघतील असा वर्षानुवर्षांचा समज. त्या रात्री दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी एकाच माणसाचे, एकाच बाजूचे, एक लाख दहा हजार मागितले गेले. फोनवर तासभर थांबल्यावरही उत्तर तेच. शेवटी ते एकटेच गेले, येतानाचे तिकीट रोख पैशांनी काढले, आणि सूनबाई तिसऱ्या दिवशी कर्ज काढून गेल्या. त्या मला म्हणाल्या, "मैल नसते तर आम्ही निदान बँकेत पैसे तरी ठेवले असते." हा दोष त्या कुटुंबाचा नाही. ऐन वेळच्या रिकाम्या खुर्चीला सर्वांत जास्त भाव येतो, आणि मैलांचा भाव त्या भावाला बांधला गेला की आणीबाणीतच मैल सर्वांत दुबळे ठरतात.

"मग कोर्टात का जात नाही?" असे आपले एक वकील नसलेले काका नेहमी विचारतात. लोक गेले होते, काका. १९८८ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नियम बदलले आणि ते आधीच मिळवलेल्या मैलांनाही लावले. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. जानेवारी १९९५ मध्ये निकाल लागला : करार मोडला असे म्हणत असाल तर दावा लावा, पण राज्यांचे ग्राहक-फसवणुकीचे कायदे इथे चालणार नाहीत, कारण १९७८ च्या त्याच कायद्याने राज्यांना विमान कंपन्यांच्या भाड्यात आणि सेवेत हात घालायला बंदी केली आहे. आता करारात काय लिहिले आहे ते वाचा. साठलेले मैल ही सभासदाची मालमत्ता नाही, आणि योजना कधीही बदलता येईल, असेच सगळीकडे लिहिलेले असते. म्हणजे करार मोडायला मुळात करारात फारसे काही ठेवलेलेच नाही.

दुसरा खटला तर एखाद्या फार्सात शोभेल असा. मिनेसोटाचे एक रबाय, गिन्सबर्ग, नॉर्थवेस्टच्या वरच्या कार्डाचे सभासद. २००८ साली कंपनीने त्यांना फोन करून योजनेतून काढून टाकले. कारण? तक्रारी फार करता! सुमारे सात महिन्यांत चोवीस तक्रारी, त्यांतल्या नऊ सामान पट्ट्यावर उशिरा आल्याच्या. नियमात लिहिले होते की गैरवापर झाला की नाही हे कंपनीच आपल्या मर्जीने ठरवील. गिन्सबर्ग यांचे म्हणणे एवढेच, की मर्जी असली तरी ती सद्भावाने वापरायला हवी. २ एप्रिल २०१४ रोजी सुप्रीम कोर्टाने एकमताने निकाल दिला : त्या राज्याच्या कायद्यातले सद्भावाचे कलम इथे लागू नाही. एखादी कंपनी सभासदांशी वाईट वागली तर त्यांनी दुसऱ्या कंपनीच्या योजनेत जावे, असाही एक विचार त्या निकालात आहे. कागदावर बरोबर. पण मिनियापोलिस हा नॉर्थवेस्टचाच बालेकिल्ला. तिथल्या माणसाने दुसरीकडे जायचे म्हणजे कोठे? आपण नेवार्कवाले युनायटेडला, अटलांटाचे मराठी लोक डेल्टाला, डॅलसचे अमेरिकनला असेच बांधलेले आहोत. अर्थशास्त्रज्ञ सेव्हरिन बोरेनस्टीन यांनी १९८९ मध्येच दाखवले होते की ज्या विमानतळावर एकाच कंपनीचे वर्चस्व असते तिथे तिला जास्त भाडे घेता येते. गावात एकच वाणी असला तर त्याच्याकडेच जाण्याला निष्ठा म्हणत नाहीत, आणि आपल्या बऱ्याच निष्ठा या जातीच्या आहेत. २०२४ च्या सप्टेंबरात इथल्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांकडून या योजनांची माहिती मागवली. एका सरकारी खात्याला हा प्रश्न विचारावासा वाटला, हेही काही कमी नाही.

आणखी एका माणसाचा विचार करा, जो या सगळ्यात कोठे दिसत नाही : ओक ट्री रोडवरचा आपला किराणावाला. शंभर डॉलरचे तांदूळ, तूरडाळ आणि पिठाच्या पिशव्या घेऊन आपण मैलांचे कार्ड पुढे करतो, तेव्हा त्यातले दोन-अडीच डॉलर कार्डवाल्यांकडे जातात. आपले मैल तिथूनच येतात. दुकानदार तो खर्च भावात घालतो, आणि तो भाव मागे उभ्या असलेल्या, रोख पैसे देणाऱ्या आजीही भरतात. त्यांना मैल मिळत नाहीत. मला हे ठाऊक झाल्यापासून छोट्या दुकानात मी रोख देते. तुम्हीही द्या असा माझा आग्रह नाही, पण ठाऊक असावे.

आता कामाचे बोलू. मैल घ्यायचेच नाहीत का? जरूर घ्या. विमानात बसणारच आहात, तर सभासद होण्याला पैसे पडत नाहीत. मुलांचाही नंबर काढा, आणि सहा महिने राहायला येणाऱ्या आई-बाबांचाही. भारतातल्या एजंटने तिकीट काढले तर त्यावर नंबर घातलेला नसतो, तो मागून घालून घ्या, आणि मैल जमा होईपर्यंत बोर्डिंग पास फेकू नका. आपल्या एजंटकडचे घाऊक भावाचे तिकीट किंवा भागीदार कंपनीचे विमान असेल तर मैल बहुधा तिकिटाच्या वर्गावर, म्हणजे त्या इंग्रजी अक्षरावर ठरतात. काही अक्षरांना पूर्ण, काहींना चौथा हिस्सा, काहींना भोपळा. पैसे भरण्याआधी एजंटला अक्षर विचारा. तो जरा चिडेल. चिडू द्या.

मांडीवरच्या बाळाचेही ध्यानात ठेवा. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर बसवले तर त्याला मैल मिळत नाहीत, आणि आईचे तिकीट मैलांवर काढले असले तरी परदेशच्या प्रवासात बाळासाठी मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के भरावे लागतात, तेही डॉलरमध्ये. 'फुकट' तिकिटावर कंपनीचे स्वतःचे अधिभारही असू शकतात. ब्रिटिश एअरवेजवर तर याच अधिभारावरून न्यूयॉर्कच्या कोर्टात २०१२ साली दावा लागला होता आणि २०१८ मध्ये तो तडजोडीने मिटला.

कार्डाचे गणित मात्र पेन्सिल घेऊन करा. समजा, मुंबईचे जाऊन-येऊन तिकीट १,०५० डॉलरला आहे आणि मैलांत ७०,००० अधिक १०० डॉलर कर. तर सत्तर हजार मैलांनी वाचले ९५० डॉलर, म्हणजे एका मैलाला सव्वा सेंटाहून थोडे जास्त. डॉलरमागे एक मैल देणाऱ्या कार्डावर एवढे मैल जमवायला सत्तर हजार डॉलर खर्च करावे लागतील. तोच खर्च दोन टक्के रोख परत देणाऱ्या साध्या कार्डावर केला असता तर हातात आले असते १,४०० डॉलर. त्यातून तिकीटही निघाले असते आणि वर ३५० उरले असते, शिवाय त्या तिकिटावर मैलही मिळाले असते! पहिल्या वर्षी कार्डाबरोबर मिळणारी मोठी मैलांची भेट हा एवढाच भाग खरोखर फायद्याचा, ती घ्या. पण महिन्याचे बिल पूर्ण भरता येत नसेल तर मैलांचे कार्ड घरात आणूच नका; वीस टक्क्यांहून जास्त व्याज देऊन एक टक्क्याचे मैल कमावणे हे कोणत्याच गणितात बसत नाही.

साठलेले मैल वर्ष-दीड वर्षात वापरून टाकावेत असे माझे मत आहे. सर्वांत चांगला उपयोग गर्दीबाहेरच्या दिवसांत : फेब्रुवारीत किंवा सप्टेंबरात आई-बाबांना बोलावण्यासाठी. डिसेंबर आणि जूनला हात लावू नका. वरचे सोनेरी कार्ड तुमच्या ऑफिसने आपोआप मिळवून दिले असेल तर एक जादा बॅग मिळते, आणि येताना फराळाचे डबे व लोणच्याच्या बरण्या आणणाऱ्या कुटुंबाला त्याचे मोल मी समजावून सांगायला नको. पण त्या कार्डासाठी डिसेंबरअखेर नुसतेच कोठेतरी उडून येणे (अशी माणसे आहेत, आपल्याही मंडळात आहेत) याला माझ्याकडे उत्तर नाही.

आणि त्या रात्रीच्या फोनसाठी मैल नकोत, डॉलर ठेवा. बँकेत वेगळ्या खात्यात, दोन तिकिटांपुरते. पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड त्याच फडताळात. त्या रात्री मैल उपयोगी पडले तर उत्तमच, पण भिस्त त्यांच्यावर नको.

तुमच्याकडचे मैलांचे पत्रक घेऊन रविवारी मराठी शाळेच्या वेळी आलात तर हिशेब करून देईन. मी चहाच्या टेबलापाशी असते. पुढच्या अंकात नॉनस्टिक तवा.